भाडे ठरले, माणसांचे काय?

१९८२च्या एप्रिलमध्ये अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटे ताब्यात घेतली. तिथे वस्ती होती जेमतेम अठराशे माणसांची, बहुतेक ब्रिटिश वंशाच्या. या अठराशे जणांनी कोणाच्या राज्यात राहायचे ते त्यांचे त्यांनीच ठरवायचे, अशी भूमिका घेऊन मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने सुमारे तेरा हजार किलोमीटरवर आरमार धाडले. अडीचशेवर ब्रिटिश सैनिक कामी आले, बेटे परत मिळाली. १४ जूनला युद्ध संपले. त्यानंतर महिना उलटायच्या आत, ७ जुलैला, त्याच सरकारने मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई इथे आणखी एका बेटसमूहाबद्दलच्या करारावर सही केली. हिंदी महासागरातील चागोस बेटांवरून हुसकावलेल्या माणसांसाठी ४० लाख पाउंड द्यायचे आणि त्यांचा विषय कायमचा मिटवायचा, असा तो करार होता. पैसे घेताना या माणसांपुढे कागद ठेवण्यात आले. मजकूर इंग्रजीत, भाषा कायद्याची, आणि अंगठे उठवणारे क्रिओल बोलणारे, बहुतेक निरक्षर. या अंगठ्याने परत जाण्याचा हक्क सुटतो हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही, असे ते पुढे वर्षानुवर्षे सांगत राहिले.

हुसकावलेल्यांची संख्याही दीड ते दोन हजारच होती, म्हणजे साधारण फॉकलंडच्या लोकसंख्येइतकी. फरक होता तो कातडीच्या रंगाचा, आणि त्यांच्या एका बेटाच्या लष्करी उपयोगाचा.

त्या बेटाचे नाव दिएगो गार्सिया. मालदीवच्या दक्षिणेला सुमारे पाचशे किलोमीटरवर साठेक बेटांचा चागोस समूह पसरला आहे, त्यातले हे सर्वांत मोठे. जमीन म्हणाल तर तीसेक चौरस किलोमीटर, तीही एका खाडीसारख्या शांत खाजणाभोवती इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात वळलेली. कन्याकुमारीपासून अंतर सुमारे अठराशे किलोमीटर. १९९१च्या आखाती युद्धात, २००१मध्ये अफगाणिस्तानवर आणि २००३मध्ये इराकवर बॉम्ब टाकणारी अमेरिकेची अजस्र बी-५२ विमाने इथल्या साडेतीन किलोमीटरहून लांब धावपट्टीवरून उडाली. २०२५च्या वसंतात येमेनमधील हूथींविरुद्धची मोहीम सुरू असताना बी-२ विमाने इथेच रांगेत उभी होती. आफ्रिकेचा किनारा, इराणचे आखात आणि मलाक्काची सामुद्रधुनी या तिन्हींवर नजर ठेवता येईल अशी जागा या महासागरात दुसरी नाही. म्हणूनच तीसेक चौरस किलोमीटरच्या या जमिनीवर लंडन, वॉशिंग्टन, दिल्ली आणि बीजिंग या सगळ्यांचे लक्ष असते.

२२ मे २०२५ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान केअर स्टार्मर आणि मॉरिशसचे पंतप्रधान नवीन रामगुलाम यांनी एका करारावर सह्या केल्या. त्यानुसार चागोसचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे जाणार, दिएगो गार्सियाचा तळ मात्र ९९ वर्षे ब्रिटनच्या हाती राहणार आणि तिथे अमेरिकी सैन्य आजच्यासारखेच नांदणार. ही मुदत आणखी ४० वर्षे वाढवण्याची सोयही आहे. त्याबदल्यात पहिली तीन वर्षे दरवर्षी १६ कोटी ५० लाख पाउंड, पुढची दहा वर्षे १२ कोटी आणि त्यानंतर महागाईच्या हिशेबाने वाढत जाणारे भाडे. याशिवाय मॉरिशसच्या विकासकामांसाठी २५ वर्षे दरसाल साडेचार कोटी, आणि चागोसवासीयांच्या नावाने चार कोटी पाउंडांचा एक विश्वस्त निधी. सह्यांच्या दिवशी पहाटे, दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन महिलांच्या अर्जावरून लंडनच्या उच्च न्यायालयाने सरकारचा हात रोखला होता. दुपारपर्यंत तो मनाईहुकूम उठला आणि स्टार्मर यांनी कागदावर लेखणी टेकवली.

त्या दोन महिलांचे म्हणणे साधे होते: आमच्या बेटांचा सौदा आम्हाला विचारल्याशिवाय होतो आहे. पुढच्या काही महिन्यांत या करारावर जेवढी शाई खर्ची पडली, त्यातली फार थोडी या वाक्याच्या वाट्याला आली.

ब्रिटनमधला वाद पेटला तो पैशांवरून. हुजूर पक्ष आणि नायजेल फराज यांचा रिफॉर्म पक्ष यांचा सवाल असा की, आपलीच जमीन देऊन वर तिचेच भाडे का भरायचे? सगळ्या वर्षांची रक्कम बेरजेने मांडली की आकडा तीस अब्ज पाउंडांच्या पुढे जातो. सरकार आजच्या मूल्याने ३ अब्ज ४० कोटी सांगते आणि वर्षाची सरासरी दहा कोटींच्या थोडी वर, म्हणजे संरक्षण खर्चाच्या ०.२ टक्क्यांहून कमी. दोन्ही आकडे आपापल्या हिशेबात खरे आहेत. वाटाघाटींची सुरुवात मात्र नोव्हेंबर २०२२मध्ये हुजूर पक्षाच्याच सरकारने केली होती, हे त्या पक्षाचे नेते आज सांगत नाहीत.

वॉशिंग्टनमधले वारे तर ऋतूगणिक फिरत राहिले. फेब्रुवारी २०२५मध्ये स्टार्मर यांच्या शेजारी बसून डोनाल्ड ट्रम्प यांनी कराराला अनुकूलता दाखवली. मे महिन्यात परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो यांनी कराराचे स्वागत केले. आणि जानेवारी २०२६मध्ये, ग्रीनलंडवरून युरोपशी खडाजंगी चालू असताना, ट्रम्प यांनी हाच करार म्हणजे मोठा मूर्खपणा असल्याचे जाहीर करून टाकले. हे बेट सोडले जात आहे, म्हणूनच ग्रीनलंड आपल्याला हवे, असा त्यांचा युक्तिवाद. ज्या तळाची मुदत शंभर वर्षांनी वाढवण्यासाठी हा सारा खटाटोप झाला, त्याच तळाचा उपयोग दुसऱ्या कुणाची जमीन मागण्यासाठी दाखला म्हणून व्हावा, हे त्या बेटांवरून हुसकावलेल्या माणसांसाठी भयावह आहे.

या भाड्याच्या आणि तळाच्या चर्चेत १९६५ हरवून जाते. ते नीट पाहिले नाही तर ब्रिटनची बेटे मॉरिशस बळकावते आहे, असेच वाटेल.

चागोस ही मॉरिशसची अंकित बेटे होती. आधी फ्रेंचांकडे, १८१४च्या पॅरिस तहानंतर ब्रिटिशांकडे, पण कारभार नेहमी पोर्ट लुईहूनच. साठच्या दशकात वसाहती एकेक करून सुटू लागल्या, तेव्हा अमेरिकी नौदलातल्या आखणी करणाऱ्यांना चिंता पडली की उद्या स्वतंत्र झालेले देश आपल्याला तळ देणार नाहीत. स्टुअर्ट बार्बर नावाच्या अधिकाऱ्याने उपाय सुचवला: लोकवस्ती विरळ असलेली बेटे आत्ताच, स्वातंत्र्य मिळण्याआधीच, बाजूला काढून ठेवायची. सप्टेंबर १९६५मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी चालू होती. मॉरिशसचे नेते सर शिवसागर रामगुलाम, म्हणजे आजच्या पंतप्रधानांचे वडील. बिहारमधून ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्या एका गिरमिटियाचे ते पुत्र. त्यांना भेटण्यापूर्वी पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांच्या हाती जे टिपण दिले गेले, ते आज सरकारी दप्तरात उपलब्ध आहे. स्वातंत्र्य मिळेल ही आशा आणि बेटांबाबत समंजसपणा दाखवला नाही तर ते मिळणार नाही ही भीती, या दोन्हींचा वापर त्यांच्यावर करावा, अशी त्यात सूचना होती. रामगुलाम नमले. मॉरिशसला ३० लाख पाउंड मिळाले. ८ नोव्हेंबर १९६५ला राजाज्ञेने ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ नावाची नवी वसाहत जन्माला आली. जगभरच्या वसाहती बरखास्त होत असताना ब्रिटन एक नवी वसाहत स्थापन करत होते.

पुढच्या वर्षी, ३० डिसेंबर १९६६ला, हा प्रदेश पन्नास वर्षांसाठी अमेरिकेच्या वापराला देण्यात आला. उघड मोबदला काही नव्हता. आतून मात्र पोलारिस क्षेपणास्त्रांच्या खर्चात ब्रिटनला १ कोटी ४० लाख डॉलरची सूट मिळाली. ती ना ब्रिटिश संसदेला सांगितली गेली, ना अमेरिकी काँग्रेसला.

आता प्रश्न उरला माणसांचा. फ्रेंच मळेवाल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मादागास्कर आणि मोझांबिकहून आणलेले गुलाम, पुढे त्यात मिसळलेले दक्षिण भारतातले मजूर, यांच्या पाच-पाच पिढ्या या बेटांवर नारळाच्या बागांत राबल्या होत्या. त्यांची चर्च होती, दफनभूमी होत्या, स्वतःची क्रिओल बोली होती. पण संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ७३व्या कलमाप्रमाणे, एखाद्या वसाहतीत कायमचे रहिवासी असतील तर त्यांच्या हिताचा हिशेब संयुक्त राष्ट्रांना द्यावा लागतो. तो टाळायचा तर रहिवासी नाहीतच असे दाखवायला हवे. म्हणून ही सगळी माणसे कंत्राटी मजूर आहेत, आज आहेत उद्या नाहीत, असे कागदोपत्री रंगवण्यात आले. लंडनच्या वसाहत कचेरीतल्या आणि परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्यांनी एकमेकांना लिहिलेल्या टिपणांत या माणसांचा उल्लेख जंगली म्हणून आणि नोकर म्हणून, तुच्छतेने आला आहे. अशा टिपणांवर सह्या करणारे पुढे सन्मानाने निवृत्त झाले.

माणसे हलवण्याची पद्धतही सांगायला हवी, कारण ‘स्थलांतर’ या सौम्य शब्दाने ती झाकली जाते. आधी उपचारासाठी किंवा नातेवाइकांना भेटायला मॉरिशसला गेलेल्यांना परतीचे जहाज नाकारले जाऊ लागले. पेरोस बान्होस बेटावरच्या रीता बांकूल या १९६८मध्ये, गाडीच्या चाकाखाली पाय सापडलेल्या मुलीला घेऊन पोर्ट लुईच्या रुग्णालयात गेल्या. मुलगी वाचली नाही. परतीचे तिकीट काढायला गेल्या तेव्हा त्यांना सांगण्यात आले की बेट विकले गेले आहे, आता तिकडे जाता येणार नाही. त्यांचा मुलगा ऑलिव्हिए तेव्हा चार वर्षांचा होता. हाच ऑलिव्हिए बांकूल पुढे विजेची कामे करत चागोस निर्वासित संघटनेचा नेता झाला आणि ब्रिटिश सरकारला न्यायालयात खेचत राहिला.

जे बेटांवरच होते त्यांचा शिधा आटवण्यात आला. १९७१मध्ये परवान्याशिवाय बेटांवर राहणे हा गुन्हा ठरला. त्याच वर्षी अमेरिकी नौदलाचे प्रमुख एल्मो झुमवाल्ट यांनी एका कागदावर शेरा मारला की या लोकांना गेलेच पाहिजे. ब्रिटिश आयुक्त सर ब्रूस ग्रेटबॅच यांच्या हुकमाने दिएगो गार्सियावरची पाळीव कुत्री खोबरे वाळवण्याच्या कोठीत कोंडली गेली आणि गाड्यांच्या धुराने गुदमरवून मारली गेली. मुलांच्या डोळ्यांदेखत हे घडले. त्यानंतर नॉर्डव्हेअर या जहाजावर, माल भरतात तशी, माणसे भरली. एक पेटी आणि एक चटई घेऊन निघायचे. शेवटची खेप १९७३मध्ये पेरोस बान्होसहून निघाली.

त्याआधी काही वर्षे अल्दाब्रा या दुसऱ्या बेटावर हवाई तळाची योजना होती. तिथल्या महाकाय कासवांना धोका आहे म्हणून ब्रिटनच्या रॉयल सोसायटीपासून अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेपर्यंतच्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवला. १९६७मध्ये योजना बारगळली. त्यात पाउंडाच्या अवमूल्यनाचाही वाटा होता, तरी शास्त्रज्ञांच्या विरोधाचे श्रेय कमी होत नाही. कासवे वाचली हे चांगलेच झाले. चागोसच्या माणसांसाठी तेवढा आवाज उठवणारी एकही संस्था त्या वेळी लंडनमध्ये उभी राहिली नाही, ही खंत मात्र पुसता येत नाही.

मॉरिशसमध्ये उतरलेल्यांचे काय झाले, हा प्रश्न भारतीय वाचकाला अडचणीचा वाटला तरी विचारायलाच हवा. मॉरिशसबद्दल मराठी माणसाला आपुलकी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या पट्ट्यातून एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, शाळेत मराठी शिकवली जाते. हा देश गिरमिटियांच्या घामावर उभा राहिला, याचा अभिमान वाटावा असाच आहे. पण त्याच देशाने आफ्रिकी वंशाच्या या कफल्लक निर्वासितांना झोपडपट्ट्यांच्या कडेला टाकून दिले. पुनर्वसनासाठी ब्रिटनने दिलेले साडेसहा लाख पाउंड मॉरिशसच्या सरकारने वर्षानुवर्षे वाटलेच नाहीत. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात वाटले तेव्हा महागाईने त्यांची किंमत खाल्ली होती. नारळ सोलणाऱ्या आणि मासे पकडणाऱ्या हातांना शहरात काम नव्हते. लिझेट ताला, शार्लेझिया अलेक्सी यांच्यासारख्या बायकांनी उपोषणे केली, पोलिसांचा मार खाल्ला, तेव्हा कुठे १९८२चे पैसे आले. म्हणजे चागोसवासीयांचे हित मॉरिशसच्या हाती आपोआप सुरक्षित राहील, असे मानायला इतिहासाचा आधार नाही.

कायद्याच्या बाजूने मॉरिशसचा दावा मात्र भक्कम आहे. ब्रिटनने वाटेत किती अडथळे घातले ते पाहिले की तो किती चिकाटीने लढवला गेला तेही कळते. नोव्हेंबर २०००मध्ये बांकूल यांनी लंडनच्या उच्च न्यायालयात हकालपट्टी बेकायदा ठरवून घेतली. परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी निकाल मानला. २००४मध्ये सरकारने संसदेला बगल देऊन राजाज्ञा काढली आणि परतीची वाट पुन्हा बंद केली. ती दोन न्यायालयांत टिकली नाही. अखेर २००८मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायमूर्तींनी तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारच्या पारड्यात कौल टाकला. २०१०मध्ये चागोसभोवती विशाल सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर झाले. प्रवाळ वाचवणे हे स्तुत्य काम आहे, पण बाहेर फुटलेल्या अमेरिकी राजनैतिक तारांवरून दिसले की, अशा क्षेत्रामुळे रहिवाशांना परतण्याचा दावा करणे जवळपास अशक्य होईल, असे एका ब्रिटिश अधिकाऱ्याने अमेरिकी मुत्सद्द्यांना सांगितले होते. २०१५मध्ये समुद्रविषयक लवादाने हे क्षेत्र जाहीर करताना ब्रिटनने मॉरिशसचे हक्क डावलले, असा निर्णय दिला.

मग आला २५ फेब्रुवारी २०१९. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध १ अशा मताने सांगितले की १९६५मध्ये चागोस तोडून घेणे हे लोकांच्या मोकळ्या आणि खऱ्या इच्छेने झाले नव्हते, मॉरिशसचे निर्वसाहतीकरण अपुरे राहिले आहे आणि ब्रिटनने आपला अंमल लवकरात लवकर संपवावा. बहुमतात भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते, विरोधातले एकमेव मत अमेरिकी न्यायाधीशांचे. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे, बंधनकारक नव्हे. पण तीन महिन्यांत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ मतांनी ठराव झाला, आणि ब्रिटनच्या बाजूला अमेरिकेखेरीज उरले चार देश. युक्रेनमध्ये सीमा बळाने बदलू नयेत म्हणून जगाला साद घालणाऱ्या ब्रिटनला हेगचे मत कायमचे झिडकारणे परवडणारे नव्हते. स्टार्मर स्वतः मानवाधिकारांचे वकील. त्यांना हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

म्हणून बेटे परत देणे योग्यच. त्यावर चीनचा बागुलबुवा उभा करणाऱ्यांनी वस्तुस्थिती तपासावी. चीनच्या ‘बेल्ट अँड रोड’ योजनेत आफ्रिकेतले जवळपास सगळे देश सामील झाले. मॉरिशस झाला नाही. त्याच्या तटरक्षक दलाला नौका, विमाने आणि प्रशिक्षण देणारा देश चीन नव्हे, भारत आहे. शिवाय करारात दिएगो गार्सियाभोवती २४ सागरी मैलांचे कडे आखले आहे आणि इतर बेटांवर परकी सैन्य येऊ न देण्याची तजवीज आहे. भाड्याच्या रकमेवर घासाघीस व्हावी, जरूर व्हावी. पण सार्वभौमत्वाचा प्रश्न पैशांच्या बेरजेने सुटत नाही.

कराराचे खरे दुखणे दुसरीकडे आहे. वाटाघाटीच्या टेबलावर १९६५मध्ये चागोसचा माणूस नव्हता, २०२५मध्येही नव्हता. करारानुसार मॉरिशस इतर बेटांवर माणसांचे पुनर्वसन ‘करू शकतो’. करायलाच हवे, असे बंधन नाही. कधीपर्यंत, कोणाच्या खर्चाने, कोणत्या बेटावर, यातले काहीही लिहिलेले नाही. दिएगो गार्सियावर तर परतायचेच नाही, म्हणजे तिथे जन्मलेल्यांनी पुढच्या ९९ वर्षांत, कदाचित १३९ वर्षांत, आपल्या आईवडिलांच्या थडग्यापाशी परवानगीनेच जायचे. जून २०२५मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी नेमके यावर बोट ठेवले आणि कराराचा फेरविचार करण्याची मागणी केली.

चागोसवासीयांचे यावर एकमत नाही, आणि ते असावे अशी अपेक्षाही गैर आहे. बांकूल आणि त्यांची संघटना कराराच्या बाजूने आहे. निदान पेरोस बान्होस आणि सालोमाँ या बेटांवर तरी जाता येईल, असे त्यांना वाटते. लंडनजवळच्या क्रॉली गावात, गॅटविक विमानतळाच्या आसपास, हजारो चागोसवासी राहतात. २००२ आणि २०२२च्या कायद्यांनी त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. त्यांच्यातल्या अनेकांना मॉरिशसच्या ताब्यात जाणे नको आहे, कारण मॉरिशसमधले दिवस त्यांना आठवतात. काहींना फक्त एवढेच हवे आहे की निर्णयाआधी आपल्याला विचारले जावे. फॉकलंडमध्ये २०१३ साली हीच गोष्ट सार्वमताने झाली. तिथल्या दीड हजार मतदारांना जो अधिकार मिळाला, तो चागोसच्या माणसांना का नाही, याचे उत्तर लंडनने दिलेले नाही आणि पोर्ट लुईनेही मागितलेले नाही.

पुनर्वसन अव्यवहार्य आहे, हा जुना युक्तिवाद आता टिकत नाही. बेटे सखल आहेत, समुद्राची पातळी वाढते आहे, हे खरे. पण याच सखल बेटांपैकी एकावर हजारो सैनिक आणि फिलिपिन्स, मॉरिशसहून आणलेले कंत्राटी कामगार पन्नास वर्षे राहत आहेत. त्यांच्यासाठी गोडे पाणी आहे, वीज आहे, रुग्णालय आहे. २०१५मध्ये केपीएमजी या सल्लागार संस्थेने ब्रिटिश सरकारसाठीच केलेल्या अभ्यासात पुनर्वसन शक्य असल्याचे म्हटले होते. तरी नोव्हेंबर २०१६मध्ये सरकारने खर्चाचे आणि संरक्षणाचे कारण देऊन ते नाकारले. पेरोस बान्होस आणि सालोमाँ ही बेटे तळापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहेत. तिथे नारळ पाडणाऱ्या, मासे पकडणाऱ्या काही शे कुटुंबांमुळे बी-२ विमानांना कोणता धोका संभवतो, हे आजवर कोणत्याही संरक्षणमंत्र्याने समजावून सांगितलेले नाही.

भारताने या प्रकरणात मॉरिशसला खंबीर साथ दिली आहे. हेगमध्ये भारताने मॉरिशसच्या बाजूने म्हणणे मांडले, आमसभेत मत दिले, आणि ऑक्टोबर २०२४च्या ब्रिटन-मॉरिशस संयुक्त निवेदनात भारताच्या पाठिंब्याची नोंद झाली. एकेकाळी दिल्लीचा रोख तळावरच होता. डिसेंबर १९७१मध्ये बांगलादेश युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत अमेरिकेची एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात आली होती, आणि हिंदी महासागर हा शांततेचा टापू असावा, हा श्रीलंकेने मांडलेला ठराव त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांत संमत झाला. इंदिरा गांधींच्या सरकारने दिएगो गार्सियाच्या तळाला उघड विरोध केला. आज चीनच्या पाणबुड्या हिंदी महासागरात फिरतात आणि त्या तळाबद्दल दिल्लीची तक्रार उरलेली नाही. परिस्थिती बदलते, धोरणे बदलतात, हे समजू शकते. पण भारताच्या भूमिकेचा पाया होता वसाहतवादाला विरोध, आणि त्या विरोधात माणसांचा हक्क देशाच्या हक्काआधी येतो.

भारताने माणसांच्या हक्काचा आग्रह धरावा, याला आणखी एक कारण आहे. मॉरिशसच्या उत्तरेला सुमारे अकराशे किलोमीटरवर अगालेगा ही दोन बेटे आहेत. तिथे तीनशेच्या आसपास माणसे राहतात. एकेकाळी चागोस आणि अगालेगा या दोन्हींच्या नारळबागा एकाच कंपनीकडे होत्या, माणसे इकडून तिकडे जात-येत. या अगालेगावर भारताने तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का बांधला, आणि २९ फेब्रुवारी २०२४ला पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि मॉरिशसचे तत्कालीन पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी त्यांचे उद्घाटन केले. हा लष्करी तळ नाही, असे दोन्ही सरकारे सांगतात. तरीही अगालेगाच्या रहिवाशांच्या मनात चागोसची आठवण ताजी आहे आणि आपल्यावरही एक दिवस तीच पाळी येईल ही भीती आहे. ती भीती खोटी ठरवणे दिल्लीच्या हातात आहे. अगालेगाच्या माणसांचा जमिनीवरचा आणि राहण्याचा हक्क मॉरिशसच्या कायद्यात लिहून घ्यावा, आणि तो लिहिला जावा म्हणून भारताने आग्रह धरावा. प्रकल्पग्रस्त हा शब्द ज्या देशाच्या रोजच्या बोलण्यात आहे, त्याला यापेक्षा अधिक समजावण्याची गरज नसावी.

सप्टेंबर २०२५मध्ये नवीन रामगुलाम भारतात आले, वाराणसीत मोदींना भेटले. भारताने जाहीर केलेल्या मदतीच्या यादीत चागोसच्या सागरी संरक्षित क्षेत्राचा विकास आणि टेहळणी यांचाही समावेश आहे. त्याच यादीत पेरोस बान्होसवर एक धक्का, पावसाचे पाणी साठवण्याच्या टाक्या, सौरविजेचा संच, एक दवाखाना आणि क्रिओलमध्ये शिकवणारी एक शाळा एवढ्या गोष्टी घालायला किती खर्च येईल? भाड्याच्या एका वर्षाच्या रकमेपुढे तो नगण्य ठरेल. दरमहा एक जहाज आणि परतणाऱ्या पहिल्या कुटुंबांची यादी चागोसवासीयांच्या सर्व संघटनांशी बोलून ठरवावी, क्रॉलीतल्या संघटनांशीही. विश्वस्त निधीवर बहुसंख्य सदस्य बेटवासीयच असावेत. शेवटचे जहाज १९७३मध्ये निघाले, म्हणजे बेटांवर जन्मलेला सर्वांत लहान माणूसही आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. लिझेट ताला २०१२मध्ये गेल्या, त्यांच्या बरोबरीच्या अनेक जणी त्यांच्याआधी. म्हणून पुनर्वसनाला तारीख हवी, आणि ती तारीख पोर्ट लुईकडे मागण्याचा नैतिक अधिकार जगात कोणाला असेल तर तो हेगमध्ये मॉरिशसच्या बाजूने उभ्या राहिलेल्या भारताला आहे.